समुद्रावर नेण्याची केसरीनाथ पद्धत

आमच्या कशेळीत केसरीनाथला कोणी कंजूष म्हणणार नाही. शहाणा म्हणायचं धाडसही अजून कोणी केलेलं नाही. त्याच्या जमिनीवर गोडाऊन उभी राहून भाडं यायला लागल्यापासून त्याला काम असं उरलेलं नाही. सकाळी पांढरे कपडे घालून ओट्यावर बसायचं आणि रस्त्यावरच्या ट्रॅफिकला शिव्या घालायच्या, एवढीच त्याची ड्युटी. मी समोरच राहतो, त्यामुळे ती तो किती इमानाने करतो हे मला ठाऊक आहे.

या माणसाचं एका विषयावर मात्र ठाम मत आहे. लहान पोरांना घेऊन फिरायला जायचं कसं, हा तो विषय. "पोरांना खेळनी नको, गोल्या नको," तो सांगतो, "पोरांना मानसं लागतात. जेवढी मानसं तेवढे हात." ऐकायला लाख मोलाची गोष्ट आहे. पण त्याच्या सहलीत हात पुष्कळ येतात आणि त्यातल्या बऱ्याच हातांत पत्ते असतात.

आता ही माणसं जमतात कशी, तेही सांगतो. आमच्याकडे रीत आहे की घरातून निघालेल्याने वाटेत भेटेल त्याला "येता का?" म्हणावं आणि समोरच्याने "न्हाय, जाऊन या" म्हणावं. सगळं गाव हे तोंडदेखलं म्हणतं. एकटा केसरीनाथ मनापासून म्हणतो. तुम्ही नाही म्हणालात तर तो गाडीतून उतरतो, तुमचा हात धरतो, तुमच्या बायकोला हाक मारतो. मग जावंच लागतं. मी तर पहिल्या हाकेलाच जातो. फुकटचं मटण आणि वर समुद्राची हवा, नको म्हणायला मी काय वेडा आहे?

वेड लागायची पाळी येते ती त्याच्या सुनेवर. मृणाली पडघ्याची, भावेशची बायको. तिला दोन पोरं, सार्थक पाच वर्षांचा आणि उन्नती तीनची. सार्थकला समुद्रात पाय बुडवायचे होते. एवढीच त्या पोराची इच्छा होती आणि आईने ती पुरी करायचा शब्द दिला होता.

पहिल्या खेपेला केळव्याला जायला घरची गाडी निघाली. केसरीनाथ नाक्यावर बर्फ घ्यायला उतरला आणि तासाभराने गाडीमागे टेम्पो उभा राहिला. त्यात आम्ही, आमच्या चटया, गॅसची शेगडी, पातेली आणि जिवंत कोंबड्या. किनाऱ्यावर पोचल्यावर मृणाली आणि तिची सासू राहीबाई सुरूच्या झाडांखाली भाकऱ्या थापायला बसल्या त्या उठल्या संध्याकाळी. पोरांना पाण्यावर न्यायला हात भरपूर होते, पण प्रत्येकाला वाटलं की दुसऱ्याने नेलं असेल. शेवटी मृणाली मोकळी झाली तेव्हा ओहोटी लागून पाणी कुठच्या कुठे गेलं होतं आणि केसरीनाथ ओरडत होता, "चला, बसा, ट्रॅफिक लागंल!" सार्थक रडत रडत झोपला. "दमला पोरगा," केसरीनाथ कौतुकाने म्हणाला, "लय मजा केली त्यानं."

दुसऱ्या खेपेला माणसं इतकी झाली की दोन्ही पोरं कोणाकोणाच्या मांड्यांवरून फिरत राहिली आणि अर्ध्या वाटेतच ओकली. गाड्या थांबल्या. समोर ढाबा होता, सावली होती. मटण तिथंच शिजलं. समुद्र राहिला. आजोबांनी घरी येऊन पोरांना समजावलं की समुद्र काय पळून जात नाही.

मृणाली मोबाईलवर व्हिडिओ बघायला लागली. मुलांबरोबरचा प्रवास सोपा कसा करावा, हे त्यांत गोऱ्यागोमट्या बायका सांगतात. पहाटे निघा, सुटसुटीत खाऊ घ्या, कपड्यांचा एक जोड जास्तीचा ठेवा, दिवसात एकच ठिकाण करा. सगळं तिने पाठ केलं. घरात केसरीनाथ असेल तर काय करावं, हे मात्र एकाही बाईने सांगितलं नव्हतं. ते तिने स्वतःच्या डोक्याने ठरवलं.

गेल्या हिवाळ्यातल्या एका रविवारची गोष्ट. जेमतेम उजाडत होतं. मी दात घासत बाहेर आलो तर समोरचं फाटक उघडं आणि गाडी गायब. केसरीनाथ फाटकाच्या खांबाला धरून बनियनवर उभा होता. रस्त्याच्या वळणाकडे बघत होता. नंतर कळलं ते असं, की आवाज होऊ नये म्हणून भावेशने गाडी चालू न करता ढकलत बाहेर काढली होती, मृणाली स्टिअरिंगला होती आणि मागे दोन पोरांना कवेत घेऊन राहीबाई बसली होती. लग्न झाल्यापासून नवऱ्याला न सांगता ती बाई पहिल्यांदाच उंबऱ्याबाहेर पडली होती.

"कुठं गेली गाडी?" मी विचारलं.

केसरीनाथने माझ्याकडे पाहिलं. माझ्या घराकडे पाहिलं. माझी चटई कुठे असते तेही त्याला माहीत होतं.

"दवाखान्यान," तो म्हणाला. "सार्थकला बरं न्हाय."

मी विश्वास ठेवला. कोणीही ठेवला असता. या माणसाला खोटं बोलता येत असेल असं कोणाला वाटणार? पण सवय नसलेला माणूस खोटं बोलला की हात राखून बोलत नाही. त्याची चुलत बहीण धोंडूबाई आली आणि तिने विचारलं, "कुठल्या दवाखान्यान?" तर हा म्हणाला, "ठान्याला." झालं! साधा ताप असता तर नाक्यावरचा डॉक्टर काय मेला होता? ठाण्याला नेलं म्हणजे पोराचं काही खरं नाही. धोंडूबाईने तिथंच एकवीरेला नारळ बोलला आणि पोरासोरांना टेम्पो काढायला पाठवलं. तासाभरात आळी टेम्पोत चढली. मीही चढलो. मटण नव्हतं तरी चढलो, हे कुठेतरी लिहून ठेवा.

केसरीनाथ टेम्पोपुढे आडवा झाला. "येऊ नका," तो म्हणाला. "डाक्टर बोललाय, मानसं नको. पोराला मोकली हवा पायजे."

केसरीनाथच्या तोंडून "येऊ नका" ऐकून धोंडूबाईने डोळ्यांना पदर लावला. तिची खात्रीच पटली.

मग दिवसभर लोक येत राहिले. कोणी शहाळी आणली, कोणी बिस्किटं, कोणी अंगारा. केसरीनाथ ओट्यावर मान खाली घालून बसला होता आणि आम्ही त्याला धीर देत होतो. दुपारी तो जेवला नाही. चिंतेने अन्न जात नसेल म्हणून आम्ही आग्रह केला नाही. घरात शिजवायलाच कोणी नव्हतं, हे आमच्या कोणाच्या लक्षात आलं नाही.

दिवेलागणीला गाडी आली. फाटकात एवढी माणसं बघून भावेशचा चेहरा उतरला. मागचं दार उघडलं आणि आजारी सार्थक उडी मारून खाली आला. केसांत वाळू, चड्डी ओली, हातात शिंपल्यांनी भरलेली बादली. "धोंडूआजी, समुद्राचं पाणी खारट असतं! मी गिळलं!" तो ओरडला.

शहाळी हातातल्या हातात राहिली. धोंडूबाईने पोराला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "चांगला हाय तुमचा दवाखाना," ती म्हणाली. आधी एक जण हसला, मग सगळे हसले. मृणालीला काही उमजेना. भावेशच्या कानात कोणीतरी सकाळपासूनची हकिगत सांगितली, त्याने तिला सांगितली, आणि ती जागच्या जागी उभी राहिली. पहाटे वळणावर तिला आरशात फाटकाशी उभा सासरा दिसला होता; त्याने आपल्याला ओरडून थांबवलं कसं नाही, याचं उत्तर तिला आता मिळालं होतं.

"मीच पाठवली त्यांना," केसरीनाथ घाईघाईने म्हणाला. "लहान पोरं हायेत. गर्दीत तरास व्हतो त्यांना."

"मंग तू का न्हाय गेलास?" धोंडूबाईने विचारलं.

तिच्या मनात काही वाकडं नव्हतं. सरळ प्रश्न होता. पण हसणं थांबलं. राहीबाई पायरीवर बसली आणि पदराने पायाची वाळू झटकत राहिली.

"मला ऊन सोसत न्हाय आता," केसरीनाथ म्हणाला.

उभी जवानी याने खाडीकाठच्या मिठागरात अनवाणी काढली आहे. तिथे झाड म्हणून नसतं. हे फाटकाशी जमलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. मृणालीने मान वर केली नाही. मला त्या मुलीचाही राग येईना.

उन्नतीला यातलं काय कळणार? ती आजोबांच्या मांडीवर चढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगू लागली, "आजा, आमी हळू हळू गेलो. मम्मी बोलली, आज्याला उठवायचं न्हाय."

केसरीनाथने तिच्या केसांतली वाळू बोटांनी काढली.

"व्हय गं," तो म्हणाला. "लय गाढ झोपलो व्हतो मी."