दिवाणियात दिलेलं मत

हारून परकार हर्णैचे. वडील गलबतांची शिडं शिवायचे. तेच काम शिकून हारून पन्नास साली बोटीनं कुवेतला उतरले. तेलाचा पैसा तिथे नुकताच वाहू लागला होता. दुकानांपुढे सावलीची छतं, थंडीत वाळवंटात राहायला तंबू, बांधकामांवर ताडपत्र्या. दाभण धरता येणाऱ्याला उसंत नव्हती. कुठून आलास, असं कुणी विचारत नसे. गाळा भाड्यानं घ्यायचा आणि दार उघडायचं. काही वर्षांत दुकानावर हारूनभाईंच्या नावाची पाटी लागली, आणि बायको रबियाही कुवेतला आली.

गाळ्याचा मालक अब्बास कुवेती, पण वडिलांच्या मुंबईच्या पेढीवर वाढलेला, हिंदी सफाईनं बोलणारा. शहराच्या बनेद अल-गार भागात त्याचं घर होतं. तिथल्या दिवाणियात, म्हणजे पुरुषांच्या बैठकीत, संध्याकाळी व्यापारी जमत. हारूनभाईंनाही तो आग्रहानं बोलावून घेई.

एकोणसाठच्या सुमारास समोरच्या गाळ्यात बुशहरचा नझीर आला. इराणी, एकटा, हाताला चलाख. त्याची छतं स्वस्त होती, आणि खरं सांगायचं तर चांगलीही होती. गिऱ्हाईक तिकडे वळायला लागलं.

त्याच दिवसांत दिवाणियात वाद पेटला. अब्बासचा पुतण्या कैरोहून शिकून आला होता.

"तेल आपलं, शहर आपलं, आणि बाजारात बसलेत सगळे परके," तो म्हणाला. "आपल्या पोरांनी काय करायचं?"

अब्बास म्हणाला, "तुझा आजोबा मुंबईत परकाच होता. त्याला तिथे कुणी दुकान उघडू दिलं नसतं, तर आज तू कैरोला गेला असतास? ज्याला जमतं त्याला करू द्यावं. बाजार त्यानंच वाढतो."

पुतण्या हारूनभाईंकडे वळला. "तुम्हीच सांगा. तुम्ही तर बाहेरचे."

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. हारूनभाईंच्या डोळ्यांपुढे त्या क्षणी फक्त समोरचा गाळा होता.

"कुणीही येतो आणि दुकान मांडतो, हे बरं नाही," ते म्हणाले. "थोडा बंदोबस्त पाहिजे."

पुतण्यानं मांडीवर थाप मारली. अब्बास चहाचा पेला फिरवत राहिला.

घरी येऊन त्यांनी रबियाला सांगितलं. ती भाकरी थापता थापता थांबली. "तुमी असा कशाला बोललाव? आपून पन असेच आलाव ना?"

साठनंतर नवा कायदा झाला. परक्याला दुकान चालवायचं तर कुवेती भागीदार हवा, आणि मोठा हिस्सा त्याचा. हारूनभाईंच्या बोलण्यानं कायदा झाला, असं नव्हे. अशा गोष्टी मोठ्या ठिकाणी ठरतात. पण तो झाला तेव्हा त्यांना कुणापुढे कुरकुर करायला तोंड राहिलं नाही. अब्बास आपण होऊन भागीदार झाला. सही करून म्हणाला, "दुकान तुमचंच आहे."

नझीरला असं कुणी नव्हतं. एके सकाळी तो रस्ता ओलांडून आला. "हारूनभाई, मोठ्या लोकांत तुमची ऊठबस आहे. माझ्यासाठीही एखादा भागीदार बघा ना."

अब्बासकडे एक शब्द टाकला असता तर काम झालं असतं. "बघतो," हारूनभाई म्हणाले. बघितलं मात्र नाही. पुढे मनाला टोचणी लागून ते समोर गेले, तर गाळ्याला कुलूप. नझीर लाँचनं बुशहरला परत गेला, असं शेजाऱ्यांनी सांगितलं.

पासष्टात अब्बास वारला. त्याचा हिस्सा पुतण्याकडे आला. पुतण्या वाईट नव्हता, आदरानंच बोलला. त्याला पाइपांची तयार छतं परदेशातून आणायची होती. "तुम्ही कारागिरांवर देखरेख करा, पगार चांगला देईन," तो म्हणाला. पाटी बदलली. ज्याला जमतं त्याला करू द्यावं, हे अब्बासचं दिवाणियातलं बोलणं त्या दिवशी हारूनभाईंना आठवलं असेल, पण पुतण्याला ते ऐकवायला त्यांची जीभ रेटली नाही. त्यांनी मान हलवली आणि नोकरी धरली.

"चला, हर्णैला जाव," रबिया म्हणायची. ते थांबत राहिले. जुम्म्याच्या सुट्टीला बंदरावर जायचे आणि बुशहरच्या खलाशांना गाठून नझीरची चौकशी करायचे. तो बहरीनला गेला, असं एकानं सांगितलं. दुसरा हसून म्हणाला, "या नावाचे आमच्याकडे किती तरी आहेत, चाचा." हारूनभाई त्याला नझीरचा चेहरा, उंची, बोलण्याची ढब समजावून सांगू लागले. खलाशी ऐकत होता, पण लाँच सुटायची वेळ झाली होती.