व्यापाऱ्याचा सरासरी वेग

ही हकीकत मी बरीच वर्षं टाळली. निवृत्तीच्या समारंभात चार जण माझ्या सचोटीवर बोलले, तेव्हा सांगता आली असती. पण अंगावर शाल असताना माणूस खरं बोलत नाही, घाम पुसतो.

मी नाशिकच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्राचा विभागप्रमुख होतो. माझ्या हाताखाली एक तरुण मॅडम तासिका तत्त्वावर होत्या, म्हणजे शिकवतील तेवढ्या तासांचे पैसे आणि दर वर्षी नव्याने नेमणूक. अकरावीच्या चाचणीत त्यांनी प्रश्न घातला: एक कांदा व्यापारी सकाळी नाशिकहून लासलगावला जातो, लिलाव आटोपून संध्याकाळी त्याच रस्त्याने घरी येतो. आलेख काढा आणि त्याचा दिवसभराचा सरासरी वेग सांगा.

उत्तर शून्य. वेग काढताना माणूस निघाला तिथून शेवटी किती दूर पोचला एवढंच बघतात, आणि हा तर परत आपल्याच दारात. जवळजवळ सगळ्या वर्गाने एकूण अंतराला वेळेने भागलं आणि गुण घालवले.

त्या वर्गात एका खऱ्या कांदा व्यापाऱ्याची मुलगी होती, आणि हे गृहस्थ आमच्या संस्थेच्या कार्यकारिणीवर होते. प्राचार्यांच्या टेबलावर त्यांनी उत्तरपत्रिका आपटली.

"मी पहाटे उठून लासलगाव गाठतो, येताना द्वारका चौकातल्या ट्रॅफिकात तासभर सडतो, आन् ह्या मॅडम पोरांना सांगतात, शून्य?"

"तुमच्याबद्दल नाही हो साहेब," असं म्हणत मॅडमनी कागद ओढून आलेख काढला. "ही रेघ वर गेली, म्हणजे तुम्ही लांब गेलात. इथं आडवी, म्हणजे मार्केटात थांबलात. मग खाली, घरी."

"लासलगावच्या वाटेला एक डोंगर नाय. चढवता कुठं मला?"

प्राचार्य इतिहासाचे. ते कागद उलटा धरून गंभीर झाले होते.

"साहेब, तुम्ही म्हणताय ती चाल. ती शून्य नाहीच. चाल वेगळी, वेग वेगळा."

"चाल कळली हो मॅडम तुमची!"

सगळे हसले. मीही हसलो, विभागप्रमुखाला शोभेल इतक्या मोठ्याने.

"सर, तुम्ही बोला," प्राचार्य मला म्हणाले. "तुमचा विषय."

मॅडम निर्धास्तपणे माझ्याकडे बघत होत्या. आता सर दोन वाक्यांत समजावतील आणि विषय मिटेल, असं त्यांना वाटत होतं. त्यांची पुढची नेमणूक त्या खोलीत ठरणार, हे मला ठाऊक होतं. उत्तरही ठाऊक होतं. उभा जन्म तेच शिकवत आलो होतो. पण उपप्राचार्याची जागा रिकामी होती आणि नाव कार्यकारिणीच ठरवणार होती.

"अकरावीच्या पातळीवर दोन्ही एकच धरलं तरी चालतं," मी म्हणालो. "मॅडम नवीन आहेत."

निसर्गाचे नियम बदलायचा मान फार थोड्यांना मिळतो. मला तो एका कप चहात मिळाला.

सगळ्यांना पूर्ण गुण वाटले गेले. जूनमध्ये मॅडमना बोलावणं गेलं नाही. मी उपप्राचार्य झालो आणि मला एसी केबिन मिळाली.

परवा नातीसाठी भौतिकशास्त्राचा क्लास शोधत होतो. गंगापूर रोडवर जो तो एकच क्लास सुचवी. चालवणाऱ्या कोण, ते कळल्यावर मी दोन दिवस दुसरे क्लास शोधले. मग गेलो. रिक्षात एक वाक्य पुन्हा पुन्हा घोकलं.

मॅडमनी उठून खुर्ची दिली, गुडघ्यांची चौकशी केली. "तुझे आजोबा आमचे हेड होते बरं का," असं नातीला सांगितलं आणि तिला वर्ग बघायला पाठवलं. आम्ही दोघंच उरलो. त्या थांबल्या होत्या. मी तोंड उघडलं.

"फीमध्ये काही कमी होईल का?"

"अहो सर, तुमच्याकडून पूर्ण घेईन का मी?" म्हणत त्यांनी फी निम्मी केली.

मी आभार मानले, तेही दोनदा. म्हणायचं होतं ते इतकंच, की मॅडम, त्या दिवशी तुमचं उत्तर बरोबर होतं, मला ते माहीत होतं, तरी मी तुमची नोकरी जाऊ दिली, मला माफ करा.