साडूंची बिनआवाजाची गाडी

विजेवर चालणाऱ्या गाडीबद्दल वसई तालुक्यात कुणाच्या मनात काही शंका असेलच, तर ती त्याला सुचायच्या आधीच आमच्या साडूंनी तिचं निरसन केलेलं असतं. हे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे उमेळ्याचे. वडिलांच्या काळी घराभोवती केळीची वाडी होती; आता तीन बाजूंना इमारती आहेत आणि चौथ्या बाजूला चिकूची काही झाडं उरली आहेत. त्या झाडांखाली, पत्र्याच्या नव्याकोऱ्या शेडमध्ये, ती गाडी उभी असते. गाडी आकाराने लहान आहे, पण लहान हा शब्द त्यांच्यासमोर वापरायचा नाही. मी एकदा वापरला, तेव्हा मला दरवाजा उघडून आत बसवण्यात आलं, पाय लांब करायला सांगण्यात आलं, आणि गुडघे पुढे टेकत नाहीत हे माझ्याच तोंडून वदवून घेण्यात आलं. तेव्हापासून मी 'आटोपशीर' म्हणतो.

गाडीचा वेग हा साडूंचा अत्यंत आवडता विषय. वास्तविक उमेळ्याच्या रस्त्यावर वेग दाखवायला जागा नाही. समोरून रिक्षा येते, बाजूने टँकर घुसतो आणि उरलेल्या जागेत खड्डे असतात. म्हणून ते पाहुण्याला गोखिवऱ्याच्या पलीकडे, कारखान्यांना सुट्टी असते त्या दिवशी, एका मोकळ्या रस्त्यावर घेऊन जातात. तिथे गाडी थांबवून "मान मागे टेकवा" अशी सूचना देतात आणि पुढच्या क्षणी आपण कुठल्या कुठे पोचलेलो असतो. इंजिनाची घरघर नाही, गिअरचा हिसका नाही. पोट तेवढं मागे राहिल्यासारखं वाटतं. माझ्या वेळी मांडीवर ताईंनी भरून दिलेला ताकाचा डबा होता. ताई म्हणजे माझी ही थोरली मेहुणी. झाकण उडालं आणि मी गळ्यापासून कमरेपर्यंत ताकाने न्हालो. साडूंनी गाडी थांबवली, माझ्याकडे काळजीने पाहिलं आणि विचारलं, "सीटवर तर नाय ना सांडलं?"

त्या सीटचीही एक कथा आहे. ती उन्हाळ्यात आतून गार वारा सोडते आणि बटण दाबलं की पाठ चेपून देते. साडूंच्या एक फार म्हाताऱ्या आत्या आहेत. त्यांना देवदर्शनाला नेताना साडूंनी न सांगता ते बटण दाबलं. आत्याबाई ताठ झाल्या आणि मान न वळवता म्हणाल्या, "मागे कोन बसलाय तो? त्याला म्हनावं, हात आवर." मागे कुणीच नव्हतं. हे त्यांना पटवून देता देता देऊळ मागे राहिलं आणि परत वळसा घ्यावा लागला. साडू तो प्रसंग सांगताना हसत नाहीत. पाठ चेपायचा जोर कमी-जास्त करता येतो, आत्याला तो बेताचा ठेवला होता, एवढी माहिती तेवढी जोडतात.

गाडीला चारही बाजूंनी कॅमेरे आहेत आणि ते सगळे मिळून पडद्यावर अशी काही आकृती उभी करतात की कुणीतरी माडावर चढून आपल्याकडे बघतंय असं वाटावं. साडूंना हे दृश्य इतकं आवडतं की दोन कुंपणांमधल्या अरुंद गल्लीतून जाताना ते रस्त्याकडे पाहतच नाहीत. समोर काच आहे, काचेपलीकडे साक्षात गल्ली आहे, पण यांची नजर पडद्यावर. एकदा एक ओळखीचे गृहस्थ गल्लीत समोर उभे राहून हात करत होते. साडू पडद्याकडे बघून मला म्हणाले, "हा माणूस ओळखीचा वाटतो." गाडीशी बोलायचीही सोय आहे. तिला इंग्रजीत हुकूम द्यायचा असतो. साडूंचं इंग्रजी कारखान्यातल्या मालाच्या पावत्यांपुरतं. त्यांनी गारवा वाढवायला सांगितला की ती गाणं लावते, आणि गाणं बंद करायला सांगितलं की अंधेरीचा रस्ता दाखवते. ते रागावत नाहीत. "बाई नवीन आहे, शिकेल," म्हणतात.

आणि मग ती परत मिळणारी वीज. पाय काढला की गाडी आपोआप मंदावते आणि त्यातून थोडी वीज पुन्हा बॅटरीत जाते, हे जेव्हा त्यांना कळलं तेव्हा त्यांच्या आयुष्याला एक नवीच दिशा मिळाली. स्टेशनजवळच्या पूर्व-पश्चिम उड्डाणपुलाचा उतार त्यांना विशेष प्रिय झाला. कामाशिवाय ते पूल ओलांडून पूर्वेला जात, पुन्हा येत आणि दर उताराला किती वीज जमा झाली ते मोठ्याने वाचून दाखवत. शेवटी एकदा मागच्या सीटवरून ताईंनी शांतपणे विचारलं, "आणि चढताना गेली ती?" त्यानंतर घर येईपर्यंत गाडीचा आणि गाडीतल्या माणसांचा आवाज सारखाच होता, म्हणजे नव्हताच.

हे सगळं मी मजेत सांगतोय. पण या गाडीच्या आधी त्या घरात बरीच वर्षं एक वेगळी शांतता होती. साडूंचा गोखिवऱ्याला बाटल्यांची झाकणं बनवायचा छोटा कारखाना होता. तो उभा करण्यात त्यांचं सगळं तारुण्य गेलं. त्यांच्या एकुलत्या एका मुलाने तो चालवायला नकार दिला आणि नोकरी धरून तो कॅनडाला गेला. भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं, असं ताई म्हणत. साडूंनी कारखाना भाड्याने दिला आणि मुलाचा फोन आला की ते ताईंच्या हातात देऊ लागले. "बोल तू, मला काम आहे." काम काहीही नसायचं. गाडी घेतली तेव्हा मुलगा योगायोगाने इथे होता. गाडीचं ॲप घालायला साडूंचा जुना फोन चालेना, म्हणून शोरूमवाल्याने ते मुलाच्या फोनवर घातलं. पुढे मुलगा परत गेला आणि ॲपही त्याच्याबरोबर कॅनडाला गेलं. नवा फोन घेऊन ते साडूंकडे आणायचं राहूनच गेलं.

गेल्या वर्षी पावसाळा सरल्यावर मला साडूंची काळजी वाटू लागली. हा माणूस गाडी लावली की तीनदा मागे वळून पाहणारा. आणि एका संध्याकाळी माणिकपूरला आमच्या इमारतीखाली त्यांनी गाडी लावली, वर येऊन चहा घेत बसले, आणि मी गॅलरीतून पाहतो तर मागची काच सताड उघडी. मी सांगितलं, तर म्हणाले, असू द्या. पुढल्या आठवड्यात पुन्हा तेच. उमेळ्याला गेलो तर शेडमध्येही काच उघडी, सीटवर चिकूची पानं पडलेली. वय सत्तरीला टेकलेलं. माझ्या मनात नको ती शंका आली. विस्मरणाचा आजार असाच हळूहळू सुरू होतो, हे मी आमच्या घरातच पाहिलेलं होतं. बायकोशी बोललो. मग एका रविवारी साडू बाजारात गेलेत असं पाहून उमेळ्याला गेलो आणि ताईंजवळ चाचरत डॉक्टरांचा विषय काढला.

ताई भाजी निवडत होत्या. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "विसरत नाहीत ते. मुद्दाम ठेवतात."

पहिल्यांदा काच खरोखरच चुकून उघडी राहिली होती. गाडीने तसा निरोप ॲपवर पाठवला, तो कॅनडात मुलाच्या फोनवर वाजला. आपल्याकडे संध्याकाळ होते तेव्हा त्याच्याकडे सकाळ असते. त्याने कामावर जाता जाता थेट वडिलांना फोन लावला, की पप्पा, मागची काच उघडी आहे. फोन ताईंकडे देण्यासारखा विषय नव्हता, गाडीचा होता. साडू अंगणात गेले, काच लावली, आणि बोलत तिथेच उभे राहिले. थंडीत बॅटरी लवकर उतरते का, तिकडे लोक काय करतात, तू जेवतोस काय. ताईंनी खिडकीतून पाहिलं. दोन दिवसांनी काच पुन्हा उघडी राहिली.

"तुम्ही काही बोलला नाहीत?" मी विचारलं.

"काय बोलायचं? बोलतायत ना दोघं."

मी बाजारातून परत आलेल्या साडूंबरोबर जेवलो, गाडीच्या चाकांतल्या हवेबद्दल माहिती ऐकली आणि घरी आलो. डॉक्टरांचं नाव पुन्हा काढलं नाही.

नाताळच्या सुट्टीत मुलगा आला. बापलेक रोज गाडी घेऊन कुठे ना कुठे जात. एकदा पार डहाणूला जाऊन आले. काय बोललात म्हणून मी साडूंना विचारलं. त्यांनी आठवून पाहिलं आणि सांगितलं, "विशेष काय नाय. गाडी चांगली चालते म्हनाला." त्यांच्या चेहऱ्यावर एवढं समाधान मी कारखाना जोरात चालला होता तेव्हाही पाहिलं नव्हतं. मुलगा परत जायच्या आदल्या दिवशी आमच्याकडे भेटायला आला. मला राहवलं नाही. मी म्हटलं, तुझे पप्पा काच उघडी ठेवतात त्याचा तुला तिकडे त्रास होत असेल. ऐन कामाच्या वेळी फोन करावा लागतो.

तो जरा हसला. "काका, ती काच फोनवरून बंद करता येते," तो म्हणाला. "एक बटण आहे. इथे तुमच्या घरात बसून दाबलं तरी बंद होते."

"मग?"

"मग काय. दाबत नाही."

हे त्याने वडिलांना सांगितलेलं नाही. मीही नाही.

परवा उमेळ्याला गेलो होतो. ऊन उतरत आलं होतं. ताईंनी दोघांपुढे चहा ठेवला आणि साडूंचा फोन वाजला. त्यांनी तो कानाला लावला, कपाळाला आठ्या घातल्या आणि वैतागलेल्या सुरात म्हणाले, हो रे बाबा, राहिली असेल, वय झालं आता माझं. मग उठले, खुर्ची एका हाताने ओढत चिकूखाली नेली आणि माझ्याकडे पाठ करून बसले. तिकडे बर्फ किती पडला, ते विचारत होते. ताईंनी त्यांचा चहा उचलून आत नेला, झाकून ठेवला आणि परत येऊन माझ्या शेजारी बसल्या.