पक्की भरलेली दाढ
लवंगेच्या तेलाचा वास आला की कापसाला सोन्याचा भाव आलेलं ते साल आठवतं. माहेरी आलेल्या धाकट्या बहिणीची दाढ किडली होती, म्हणून तिला बैलगाडीत घालून मी अमरावतीला नेलं. बाजारातल्या दातवाल्याने दाढ कोरली, आत त्या तेलाचा बोळा फिरवला आणि म्हणाला, "राळ-मेण भरलं तं ठणकत नाई, पण लवकर निघते. चांदी-पाऱ्याचा लगदा दगडावानी टिकते." बहीण म्हणाली, "पक्कंच भरा जी. सासरी मले कोण भरून देईन?" त्याने तळाशी मेणाचा पातळ थर दिला आणि वर लगदा दाबून बसवला. परतताना बडनेऱ्याच्या वाटेवर कापसाच्या गाड्यांत आम्ही अडकलो. ना पुढे जाता येई, ना मागे. तिचा गाल सुजत चालला. "भाऊ, काढ ना रे हे, आत लय ठणकून रायलं," ती रडत म्हणाली. मी सुईने कोरून पाहिलं, पण लगदा हलेना. कसेबसे घरी पोचलो, पण गावच्या वैद्यानेही हात टेकले. पू आतच कोंडला, जबडा मिटला, घोटभर पाणीही जाईना. सासरची दमणी, बैलांची हलकी गाडी, तिला न्यायला आली, तेव्हा आम्ही तिची राख सावडून परतत होतो. इतकी वर्षं झाली. त्या वाटेवर मी काय करायला हवं होतं, ते मला अजून सुचत नाही.