बारके शब्द

“काठीला इंग्रजीत काय म्हणतात ते मला येत नाही, पण ती पाण्यात वाकडी का दिसते ते सांगते.” मावशी हे एकदा भर जेवणाच्या सुट्टीत म्हणाल्या, आणि इस्त्रीवाल्याला ठसका लागला.

इस्पितळाच्या तळघरात धुलाईघर आहे. तिथे माणसांचं सगळं येतं, माणसं सोडून. चादरी, अंगरखे, उशांचे अभ्रे. रक्त, औषध, घाम, कधी नुसतीच भीती, जिला डाग नसतो. मावशी तिथे बावीस वर्षं होत्या. डागावर बोट ठेवून तो कशाचा आणि किती तासांपूर्वीचा ते सांगायच्या. फरशी कायम ओली. बावीस वर्षांनी ती ओल त्यांच्या गुडघ्यांत शिरली आणि तिथेच बिऱ्हाड करून राहिली.

हाडांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, “ओल्या जमिनीवरचं काम सोडा, नाहीतर काठी धरा.”

वरच्या मजल्यावर एक जागा रिकामी होती. शस्त्रक्रियेची हत्यारं आणि कापडांची गाठोडी जिथे वाफेच्या यंत्रात घालून जंतुमुक्त करतात, त्या खोलीत. कोरडी जमीन, बसायला स्टूल. अट एकच: कामापुरतं इंग्रजी हवं, कारण यंत्र इंग्रजीत बोलतं. तोंडी परीक्षा चार महिन्यांनी. ती जागा मिळाली नाही तर नोकरी सोडायची.

“सोड की मग,” त्यांचे यजमान म्हणाले. ते बसचे निवृत्त कंडक्टर. “घरी बस आरामात.”

“आणि दिवसभर तुमचं तोंड बघू? त्यापेक्षा इंग्रजी परवडलं.”

सुनेने मोबाइलवर इंग्रजी शिकवणारी बाई लावून दिली. ती ‘हे सफरचंद आहे’ म्हणायची. तिसऱ्या सफरचंदाला मावशींचा डोळा लागला. बोट कुठेतरी लागलं आणि बाईच्या जागी लाल चष्म्याचा एक टकला माणूस आला. त्याने बाटलीत पेटता कागद टाकला, तिच्या तोंडावर उकडलेलं अंडं ठेवलं, आणि अंडं गपकन आत गेलं. मावशी ताडकन उठून बसल्या.

“अगं सूनबाई, हा काय म्हणाला ते परत लाव!”

तेव्हापासून टकल्या मास्तर हे त्यांचे गुरू. तो फुगे फोडायचा, पाण्यावर टाचणी तरंगवायची पैज लावायचा, स्वतःच्या अंगावर पाणी सांडून घ्यायचा. दर वेळी शेवटी पडद्यावर एक लांबलचक शब्द यायचा. मावशी तिथे व्हिडिओ थांबवायच्या आणि तो शब्द अक्षर अक्षर करून कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूने उतरवायच्या. दुसऱ्या दिवशी तोच प्रयोग धुलाईघरात. कपडे गरगर फिरवून पाणी काढणाऱ्या यंत्रापुढे त्या एक दिवस किती तरी वेळ उभ्या राहिल्या.

“काय झालं मावशी, बंद पडलं का?” इस्त्रीवाल्याने विचारलं.

“नाही रे. सेंट्रिफ्यूगल. बावीस वर्षं याच्या शेजारी उभी आहे, नाव आज कळलं.”

त्या आवाजात काहीतरी होतं. शेजारी राहणाऱ्या माणसाचं नाव तो गेल्यावर कळावं तसं काहीसं. फक्त इथे कोणी गेलं नव्हतं, यंत्र मजेत फिरत होतं.

यजमानांनी गंमत केली. “माझ्या सगळ्या नोकरीत तीन शब्द लागले. फुल, हाफ, पास.”

“आणि मला?”

“तू कायमची पास. पैसे न देता बसलीस.”

शब्द दोनशेच्या वर गेले, पण सगळे दांडगे. बारके शब्द मावशींना जमेनात. वाक्यात ते दोन-दोन अक्षरांचे यायचे, त्यांना काही प्रयोग नाही, स्फोट नाही. “लग्नात ओळखपाळख नसलेली माणसं असतात ना, पंगतीत मधेमधे लुडबुडणारी, तशी आहेत ही,” त्या म्हणायच्या, आणि त्यांना वगळून पुढे जायच्या.

आणखी एक गोष्ट झाली, ती कोणाच्या लक्षात आली नाही. टकल्या मास्तर ‘प्रेशर’ म्हणताना नेहमी टेबलाखाली दडायचा, कारण पुढच्या क्षणी काहीतरी फुटणार असायचं. ‘ग्रॅव्हिटी’ म्हणताना हातातली वस्तू सोडून द्यायचा. मावशींनी शब्द घेतला तो असा सगळाच घेतला, हातापायांसकट. शब्दाचा तो भागच आहे असं त्यांना वाटलं.

परीक्षा सकाळी नऊला, त्याच वरच्या खोलीत झाली. समोर तिघं. कार्यालयाचे साहेब, खोली सांभाळणाऱ्या सिस्टर, आणि एक सर्जन. त्यांची शस्त्रक्रिया अकराला होती आणि ते घड्याळाकडे बघत होते.

साहेबांनी इंग्रजीत विचारलं, “टेल अस अबाउट युअरसेल्फ.”

मावशींच्या दोनशे शब्दांत यातला एकही नव्हता.

सर्जनना दया आली. “बरं मावशी, तुम्हाला येणारा कुठलाही एक शब्द सांगा.”

“प्रेशर!” मावशी ओरडल्या आणि गुडघे विसरून टेबलाखाली बसल्या.

सिस्टरनी तोंडाला रुमाल लावला. सर्जन टेबलाखाली वाकून म्हणाले, “येऊ का मीपण?”

मावशींना वर काढायला दोघं लागले. साहेबांनी कागदावर रेघ मारायला पेन उघडलं. “असं बघा, हे इंग्रजी नाही. हे नुसते शब्द आहेत.”

“सर, यंत्राचं वाचता आलं तरी पुष्कळ,” सिस्टर म्हणाल्या. दर खेपेनंतर यंत्रातून कागदाची पट्टी निघते. वर्षानुवर्षं तिच्यावर सगळं ठीक असल्याचंच छापून येतं, म्हणून ती कोणी वाचत नाही. फाडायची आणि खिळ्याला अडकवायची. सिस्टरनी खिळ्यावरची सगळ्यात वरची पट्टी काढून दिली. “हे वाचा.”

मावशींनी ती डाग बघावा तशी उजेडात धरली. बारके शब्द सोडले. बोट दांडग्यांवर ठेवलं.

“व्हॅक्यूम,” त्या सावकाश म्हणाल्या. “फेल्युअर.” मग खालच्या ओळीत, “मॉइश्चर.”

सर्जन खुर्ची सरकवून पुढे वाकले.

“या यंत्रानं शेवटी आतली हवा ओढून घेतलेली नाही,” मावशी आपल्या भाषेत म्हणाल्या. “म्हणजे वाफ आतच राहिली. आतलं सगळं ओलं असणार. ही कधीची?”

सिस्टरनी पट्टी हिसकून घेतली. तिच्यावर छापलेली वेळ वाचली. त्यांचा चेहरा उतरला. “आज सकाळची.”

फळीवर त्या खेपेची आठ गाठोडी रचलेली होती, हिरव्या कापडाची, चिकटपट्ट्या लावलेली. मावशींनी पहिलं उचललं, तळहातावर तोललं. दुसरं. तिसऱ्याच्या बुडाला ओलीचा नाण्याएवढा काळपट ठिपका होता, आणि ओल्या कापडातून जंतू आत शिरतात.

“यातलं माझ्या अकराच्या पेशंटचं कुठलं?” सर्जननी विचारलं. आता ते घड्याळाकडे बघत नव्हते.

“हेच,” सिस्टर म्हणाल्या.

क्षणभर त्या खोलीत कोणाचा तरी उघडा पडलेला देह असल्यासारखं सगळे त्या ठिपक्याकडे बघत राहिले.

“दुसरं यंत्र चालू करा, माझी वेळ पुढे ढकला,” सर्जन म्हणाले. “आणि साहेब, यांचं नाव लिहा. सोमवारपासून.”

“पण मी जे विचारलं, स्वतःबद्दल सांगा म्हणून, त्याचं उत्तर—”

“आत्ताच दिलं की त्यांनी.”

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं, परत काढलं. मग लिहिलं. “अभिनंदन मावशी. तुम्हाला काही बोलायचंय?”

पण मावशींचं लक्ष नव्हतं. आठही गाठोडी त्यांनी ढकलगाडीत भरली होती. परत उघडायची, परत धुवायची, परत बांधायची. त्यांनी कंबरेने दार लोटलं, गाडीचं एक चाक उंबऱ्यात अडलं ते पायाने सोडवलं, आणि त्या बाहेर पडल्या.