टाकीच्या पलीकडची बाजू

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही आहे असं म्हणवत नाही. मी मायक्रोबायोलॉजी शिकलेली, आमच्या घरातली पहिली पदवीधर. पण तळेगावच्या एमआयडीसीत, भर दुपारी, जे घडलं ते लिहिल्याशिवाय राहवत नाही...

आमच्या कंपनीत कॅन्सरवरच्या औषधासाठी पेशी वाढवतात. स्टीलच्या मोठ्या टाकीत प्लॅस्टिकची निर्जंतुक पिशवी बसवायची, तिच्यात पेशी वाढवायच्या आणि बॅच संपली की पिशवी, नळ्या, सगळं जाळायला पाठवायचं. धुऊन पुन्हा वापरणं नाही. पिशवीत हवा भरताना दोघांनी टाकीच्या दोन बाजूंना उभं राहून तळाच्या घड्या सोडवायच्या. एक घडी जरी दुमडून राहिली तरी पिशवी तिथे गळू शकते, आणि मग अख्खी बॅच जाते.

हे मला शिकवलं सुनीताताईंनी. माझ्या सीनियर, मूळच्या तळेगावच्याच. मी परभणीकडची, काळेवाडीत खोली करून राहणारी. सुरुवातीला कित्येकदा त्यांच्याच डब्यातली भाकरी खाल्ली. "अगं, गोधडी न्हाई ती, थोपटतीस काय? कोपरा धरून ओढ," म्हणायच्या. घडी सुटली की पिशवीवर दोनदा टिचकी मारायच्या. मी फार घाबरायचे, तर एकदा म्हणाल्या, "तुज्या जबाबदारीवरची पहिली पिशवी बसवशील ना, तवा समोर मी हाय. मग तर झालं?"

दिवाळीच्या आधी ताई गेल्या. त्याच आजाराने, कॅन्सरने.

माझी पहिली पिशवी आली ती त्यानंतर. जोडीला प्रशांत होता. "आज तुमचं राज्य मॅडम, आम्ही हमाल," गाऊन चढवता चढवता म्हणाला. मला हसू आलं नाही. मी पुढे आत गेले.

आत सगळे सारखेच दिसतात – डोक्यापासून पायापर्यंत पांढरे, चष्म्याआड फक्त डोळे. समोर कोणीतरी येऊन उभं राहिलं. प्रशांतच, दुसरं कोण? मी हवा सुरू केली. माझ्या बाजूच्या घड्या सुटल्या, पण पलीकडची तळाची एक अडकली. माझा हात तिथे पोचत नाही. समोरच्या हातांनी कोपरा धरला, अलगद ओढला. घडी सुटली.

मग पिशवीवर दोनदा टिचकी.

मी मान वर केली, पण पिशवी फुगून मध्ये आली होती. वळसा घालून गेले... कोणी नव्हतं.

तेवढ्यात दार उघडून प्रशांत आला. "सॉरी गं, गाऊनच फाटला, दुसरा घालत होतो. थांबायचं ना राव. एकटीने कशी बसवलीस?"

मी नंतर दाराची नोंद काढून पाहिली. कार्ड लावल्याशिवाय ते दार उघडत नाही, आणि तोवर कार्ड माझं एकटीचंच लागलं होतं. पिशवी गळतीच्या तपासणीत पास झाली.

बॅच चांगली निघाली. पिशवी उतरवताना तो कोपरा मी जरा वेळ हातात धरून ठेवला. तुकडा कापून घरी न्यावासा वाटला. पण तसं करायचं नसतं, हेही ताईंनीच शिकवलेलं. बाकीच्या कचऱ्याबरोबर तोही जाळायला दिला.

मनाचा खेळ म्हणाल, तर मीही तसंच म्हणून पाहिलं. पण मनाने प्लॅस्टिकची घडी सुटत नाही. उत्तर मला अजून मिळालेलं नाही. आता पिशवी बसवताना प्रशांतला यायला उशीर झाला, तर मी त्याला हाक मारत नाही. आपल्या बाजूला उभी राहते, आणि थोडं थांबते.