उपाशीपोटीचा आलेख

माझ्या नवऱ्याला इन्सुलिनचं इंजेक्शन लागू नये म्हणून मी पायथन शिकले.

पायथन म्हणजे संगणकाला हुकूम सोडायची एक भाषा. हुकूम सोडणं मला नवीन नाही. वर्धेजवळच्या सेलूच्या शाळेत मी वीस वर्षं गणित शिकवते. डॉक्टरांनी ह्यांना महिन्याची मुदत दिली होती. उपाशीपोटीची साखर उतरली तर गोळ्यांवर भागेल, नाहीतर सोमवारपासून सुई. हे कारल्याच्या मांडवावर माकडासारखे चढतात, पण सुई म्हटली की पांढरे पडतात. तेव्हा महिनाभर मी घरातली साखर बंद केली आणि रोज सकाळी ह्यांचं बोट टोचून आकडा वहीत लिहिला. तुलनेला निरोगी माणूस हवा म्हणून स्वतःचंही बोट टोचलं. (माझे आकडे मी लिहीत होते, वाचत नव्हते. निरोगी माणसाचे आकडे कोण वाचतं?)

डॉक्टरांसमोर वहीऐवजी आलेख ठेवायचा, ही कल्पना माझीच. आमची मुलगी गौरी पुण्याला संगणकातच नोकरी करते. साधा तक्ता कर, पाच मिनिटांचं काम आहे, असं ती फोनवर सांगत होती. पण मला हवा होता जिवंत आलेख! इकडे आकडा टाकला की तिकडे रेघ हलली पाहिजे. फळ्यावर मी तेच करते.

रविवारी सकाळी आतल्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसले आणि पहिला हुकूम सोडला. आलेख आला नाही. अमुक वस्तू अमुक ठिकाणी ठेवली आहे, असा कंसात एक पत्ता आला. म्हणजे चहा मागावा आणि कोणी टपरीचा पत्ता द्यावा, तसं!

"आई, आधी शेलला, म्हणजे तू हुकूम लिहितेस त्या चौकटीला, सांगावं लागतं की आलेख लगेच दाखव," गौरी म्हणाली. "टक्क्याचं चिन्ह टाक आणि पुढे मॅटप्लॉटलिब लिही, आलेख तेच काढतं."

लिहिलं. त्यावर पानभर तक्रार आली. सारांश इतकाच, की विंडो उघडायला लागणारं सामानच आमच्याकडे नाही. ते उतरवायला फोनचं नेट पुरेना, म्हणून फोन खिडकीच्या गजांत अडकवला. पुढचा पाऊण तास मी माझ्याच मुलीशी मान वर करून, देवाला गाऱ्हाणं घालावं तशी बोलत होते.

सामान उतरलं. टक्क्याचं चिन्हही शेलनं मुकाट्यानं मान्य केलं. मी आलेखाचा हुकूम सोडला. शांतता.

"आलं का?"

"नाही."

"एरर?"

"तीही नाही."

"मग आलं असेल गं. नीट बघ."

"गौरी, मी चष्मा लावून बसले आहे."

मग तिच्या सांगण्यावरून नवी आकृती मागितली. मग आणखी एक. अशा अकरा मागितल्या! रेघ बारीक असेल म्हणून जाड केली, ह्यांची निळी, माझी लाल. शेजारी 'बाबा' आणि 'आई' अशी नावं घातली, तीही चांगली चाळीसच्या आकारात. पडदा ढिम्म.

इतक्यात बाहेरच्या खोलीतून शेजारच्या दिगांबरभाऊंचा आवाज आला. "कशाचा निकाल लागून राह्यला हा?"

"काय मालूम," हे म्हणाले. "दोनच उमेदवार दिसते."

"बाबा तं पडला. आई लय चढून राह्यली."

मी बाहेर धावले. आदल्या संध्याकाळी कारल्याच्या मांडवाचा व्हिडिओ मोठा दिसावा म्हणून ह्यांनी लॅपटॉप टीव्हीला जोडला होता, आणि ती केबल मी चार्जरची समजत होते. माझ्या अकराच्या अकरा आकृत्या टीव्हीवर उघडल्या होत्या. सगळ्यांत निळी रेघ घसरगुंडीसारखी खाली आलेली, आणि लाल रेघ छताला भिडायला निघालेली.

"रंगांची अदलाबदल झाली असेल," मी म्हणाले.

"संगणक अदलाबदल करत नाही, आई," आतून, गजांतल्या फोनमधून गौरी ओरडली. "तू काय खातेस?"

"गोरसपाक," मी कबूल केलं. आमच्याकडे वर्धेहून येणारा प्रत्येक पाहुणा गोरसपाकचा पुडा आणतो. तुपातली ती गोड बिस्किटं ह्यांच्या हाती लागू नयेत म्हणून पुडा मी दारातच ताब्यात घेत होते. आणि खायची वस्तू टाकून देणं मला जमत नाही. ती मी स्वयंपाकघरात उभ्यानं खात होते. उभ्यानं खाल्लेलं मी हिशेबात धरत नसे.

ह्यांनी एकदा लाल रेघेकडे पाहिलं. मग दिगांबरभाऊंना म्हणाले, "मले तं म्हणे, पुडे शाळेत पोराईले वाटतो."

सोमवारी डॉक्टरांनी आलेखाचं फार कौतुक केलं. ह्यांची सुई रद्द झाली. "आणि ही लाल रेघ कोणाची?" असं त्यांनी विचारायच्या आत ह्यांचं बोट माझ्याकडे वळलं होतं. मला गोळ्या मिळाल्या, पथ्य मिळालं आणि तीन महिन्यांची मुदत मिळाली.

आता रोज सकाळी माझं बोट हे टोचतात. आकडा टाकायची तेवढी ओळ ह्यांना एका दिवसात पाठ झाली. केबल काढू देत नाहीत. सात वाजता दिगांबरभाऊ बिनसाखरेच्या चहाला येतात, टीव्हीसमोर बसतात, लाल रेघेचं टोक नीट न्याहाळतात आणि मला विचारतात, "वहिनी, काल कोणी पाहुणा आलता का?"